माणसं घ्यावीत की काम द्यावं?

हर्ट्झ ही मोटारी भाड्याने देणारी अमेरिकेतली जुनी, बडी कंपनी. 2016 साली तिने आपलं संकेतस्थळ आणि मोबाइल अ‍ॅप मुळापासून नवं करायचं ठरवलं. एवढं काम पेलेल अशी माणसं घरात नव्हती, म्हणून ते अ‍ॅक्सेंचरला दिलं. नवं संकेतस्थळ डिसेंबर 2017 मध्ये सुरू व्हायचं होतं; तारीख जानेवारीवर गेली, मग एप्रिलवर, आणि तीही हुकली. मे 2018 मध्ये हर्ट्झने करार संपवला आणि एप्रिल 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात दावा लावला: मोजलेले 3 कोटी 20 लाख डॉलर परत करा, वर दुरुस्तीचा खर्चही द्या. दाव्यातल्या तक्रारी ओळखीच्या वाटतात. पानं संगणकावर आणि मोबाइलवर दिसतात, पण मधल्या आकाराच्या टॅब्लेटवर नीट दिसत नाहीत. कंपनीच्याच डॉलर आणि थ्रिफ्टी या ब्रँडना वापरता येईल असा सामायिक गाभा हवा होता, तो मिळालाच नाही. डिझाइनची नियमावली पुढे बदलता येईल अशा स्वरूपात मागितली होती. हाती पडली पीडीएफ, आणि हव्या त्या स्वरूपासाठी जादा पैशांची मागणी. अ‍ॅक्सेंचरने हे सगळे आरोप फेटाळले.

त्यात कोण खरं, हा इथला विषय नाही. डोळे थांबतात ते दुसऱ्याच एका ओळीवर. हर्ट्झच्या गरजा गोळा करणं, त्यांवरून आराखडा बांधणं आणि अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन करणं, हे तिन्ही अ‍ॅक्सेंचरकडेच होतं, असं हर्ट्झने स्वतःच न्यायालयाला सांगितलं. म्हणजे काय हवं ते ठरवणारा, ते बनवणारा आणि बरोबर बनतंय का ते बघणारा, तिघेही टेबलाच्या एकाच बाजूला बसले होते.

चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्याला डीलरांसाठी ऑर्डरचं अ‍ॅप हवं असतं. नागरी सहकारी बँकेला कर्जाच्या अर्जाची प्रक्रिया कागदावरून संगणकावर आणायची असते. ठाण्यातल्या रुग्णालयाला अपॉइंटमेंटपासून बिलापर्यंत सगळं एका जागी हवं असतं. रकमेतली शून्यं कमी, प्रश्न तोच, आणि त्यावर बाजारात दोन उत्तरं विकायला असतात. पहिलं स्टाफ ऑगमेंटेशन: पुरवठादार आपल्या पगारावरचे डेव्हलपर आणि टेस्टर ग्राहकाकडे कामाला लावतो, ते ग्राहकाच्या टीममध्ये बसतात, रोजचं काम ग्राहकाचा माणूस सांगतो आणि बिल तासांवर किंवा महिन्यावर लागतं. दुसरं आउटसोर्सिंग: काय हवं ते लिहून द्यायचं, ते कोण, किती जण आणि कुठे बसून करतात हे पुरवठादाराने पाहायचं, आणि पैसे ठरलेल्या टप्प्यांवर मोजायचे.

लग्नात आचारी बोलावणं आणि केटररला ताटामागे दर ठरवून देणं, यांत जो फरक तोच इथे. आचाऱ्याची मजुरी देऊन भागत नाही. सामान आणायचं, पंगतीचा अंदाज बांधायचा आणि कोठीची किल्ली कमरेला लावून एक खमकी आत्या बसवायची, ही सगळी जबाबदारी यजमानाची. केटररच्या बाबतीत हा व्याप नसतो, पण जिलेबी कमी पडली की भांडण थेट 'ठरलं काय होतं' यावर येतं.

महाराष्ट्राने हे दोन्ही धंदे जन्मापासून पाहिले आहेत. 1968 साली मुंबईत टीसीएस सुरू झाली. 1981 साली पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समधून बाहेर पडलेल्या सात जणांनी पुण्यात इन्फोसिस काढली. सुरुवातीच्या वर्षांत या व्यवसायाचा मोठा भाग म्हणजे प्रोग्रॅमर अमेरिकेला, ग्राहकाच्या कार्यालयात पाठवणं. त्याला 'बॉडी शॉपिंग' असं जरा हिणवून म्हटलं जाई. 1991 पासून सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतून उपग्रहाच्या जोडण्या मिळू लागल्या आणि माणसं पाठवण्याऐवजी कामच इकडे येऊ लागलं. एकच कंपनी दोन्ही विकू शकते, विकतेही. फरक पडतो तो तिच्या स्वार्थाच्या दिशेत, आणि खरेदी करणाऱ्याने तो आधी समजून घ्यावा.

माणसं तासांवर दिली की काम जितकं लांबेल तितकं पुरवठादाराचं बिल वाढतं. ठोक रकमेवर काम घेतलं की ते जितक्या कमी आणि जितक्या नवख्या माणसांत उरकेल तितका त्याचा नफा वाढतो. यात कोणी लबाड असण्याची गरज नाही. हिशेबच तसा आहे. पुण्यातल्या कंपन्यांत काम नसलेली माणसं 'बेंच'वर बसलेली असतात आणि त्यांचा पगार चालू असतो. त्यामुळे 'आमच्याकडे अगदी तुम्हाला हवा तसा माणूस आहे' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा 'आमच्याकडे सध्या रिकामा माणूस आहे' एवढाच असतो.

निवडीची चर्चा बहुधा दरापासून सुरू होते. ती सुरू व्हायला हवी घरातल्या एका खुर्चीपासून. आज काय करायचं हे रोज सकाळी सांगणारा आणि संध्याकाळी झालेलं काम बघून 'हे चालेल, हे चालणार नाही' म्हणणारा माणूस त्या खुर्चीत आहे का? त्याला कोड लिहिता यायलाच हवा असं नाही, पण धंद्याचे बारकावे त्याला तोंडपाठ हवेत आणि नाही म्हणण्याचा अधिकार हवा. असा माणूस पूर्ण वेळ मोकळा असेल आणि सोबत कोड वाचू शकणारा एक तरी तंत्रज्ञ असेल, तर माणसं घेणं परवडतं. हे दोघे नसतील तर घेतलेली माणसं पहिल्या महिन्यात वाट बघतात, दुसऱ्या महिन्यात स्वतःच्या अंदाजाने काहीतरी बांधतात, आणि बिल मात्र दोन्ही महिन्यांचं पूर्ण येतं.

मग असा माणूस नसेल तर काम बाहेर देऊन मोकळं व्हावं का? तिथेच बहुतेकांची गल्लत होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याचं आरोग्य खातं हे त्याचं एक महागडं उदाहरण. जवळपास 80,000 कर्मचाऱ्यांच्या पगाराची यंत्रणा नवी करण्यासाठी राज्याने डिसेंबर 2007 मध्ये आयबीएमशी करार केला. आरोग्य खात्याच्या पगारयंत्रणेची किंमत धरली होती सुमारे 62 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आणि ती 2008 मध्येच चालू व्हायची होती. प्रत्यक्षात चालू झाली मार्च 2010 मध्ये, आणि पहिल्याच पगारापासून गोंधळ उडाला. कुणाला कमी पैसे, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. चुका हाताने निस्तरण्यासाठी शेकडो माणसांची भरती करावी लागली. यंत्रणा उभी करण्याचा आणि पुढे काही वर्षं ती ओढत नेण्याचा अंदाजित खर्च 1.2 अब्ज डॉलरवर गेला.

2013 साली निवृत्त न्यायाधीश रिचर्ड चेस्टरमन यांच्या चौकशी आयोगाने जो अहवाल दिला, त्यात आयबीएमवर ताशेरे होतेच. पण राज्य सरकारवरही तितकेच होते. आपल्याला नेमकं काय हवं हे सरकारने कधी पुरतं ठरवलं नाही आणि काम नीट बघितलं नाही, हा त्याचा मथितार्थ. दोष समजण्यासारखा आहे. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्या पाळ्या, भत्ते, रजा, जादा तास यांच्या मिळून पगाराच्या 24,000 हून अधिक जोडण्या होत्या. ही माहिती विकत मिळणारी नव्हती. ती खात्याच्या पगार-कारकुनांच्या डोक्यात होती आणि तिथून कुणी पुरती बाहेर काढली नाही.

तेव्हा खुर्ची रिकामी असेल, तर पहिला खर्च सॉफ्टवेअरवर करूच नये. चार ते सहा आठवड्यांचं एक छोटं, वेगळं, पैसे मोजलेलं काम काढावं: एका अनुभवी विश्लेषकाने कारखान्यात किंवा बँकेत बसून आजची पद्धत लिहून काढायची. ऑर्डर फोनवर आली तर कोण लिहून घेतो, उधारीची मर्यादा ओलांडलेल्या डीलरला माल द्यायचा की नाही हे कोण ठरवतं, शनिवारी साहेब नसतील तर काय होतं. या कागदावर मालकी ग्राहकाची, आणि तो घेऊन दुसऱ्या कुठल्याही पुरवठादाराकडे जाण्याची मोकळीकही. हे काम करणाऱ्यालाच पुढचं काम मिळेल असं आधी कबूल करू नये. कबूल केलं की कागद त्याच्या सोयीचा होतो.

आता समजा खुर्ची भरलेली आहे आणि माणसं घ्यायची ठरली आहेत. हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा. समजा एका अनुभवी डेव्हलपरचं बिल महिन्याला 2 लाख रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2 लाख 36 हजार, म्हणजे वर्षाला 28 लाख 32 हजार. कारखान्याला हा जीएसटी आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करता येतो. रुग्णालयाला नाही, कारण रुग्णसेवा जीएसटीमुक्त असल्याने भरलेला कर खर्चातच जमा होतो. त्यात लॅपटॉप, सॉफ्टवेअरचे परवाने, आणि सगळ्यांत महाग म्हणजे घरातल्या जाणत्या माणसाचा वेळ धरावा. नव्या चौघांना पहिला महिनाभर रोज दोन तास समजावत बसलेला माणूस त्या महिन्यात स्वतःचं काम करत नसतो.

म्हणूनच मागे पडलेल्या प्रकल्पाला ऐन वेळी माणसं जोडून सावरायचा मोह टाळावा. आयबीएमच्या ओएस/360 या प्रकल्पाचं नेतृत्व केलेले फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 च्या आपल्या पुस्तकात अनुभवाने दाखवून दिलं की अशा वेळी माणसं वाढवली की काम आणखी रेंगाळतं. कारण साध्या गणिताचं आहे. पाच जणांच्या टीममध्ये एकमेकांशी बोलण्याच्या 10 जोड्या होतात, आठ जणांत 28. तीन माणसं वाढली आणि समजुतीचे घोटाळे व्हायच्या जागा जवळपास तिप्पट झाल्या.

माणूस निवडताना बायोडेटावर विसंबू नये, हे सांगायला नको इतकं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी घाईत तेच होतं. व्हिडिओवर मुलाखत एकाने द्यायची आणि सोमवारी रुजू दुसऱ्याने व्हायचं, ही प्रॉक्सी मुलाखतीची लबाडी या बाजारात सर्रास ऐकू येते. सरळ उपाय म्हणजे ओळखपत्र पाहून समोरासमोर बसवावं आणि आपल्याच कोडमधली एखादी खरी, छोटी चूक त्याच्याकडून तिथल्या तिथे शोधून घ्यावी. पाठ केलेली उत्तरं तिथे उपयोगी पडत नाहीत. करारात तीन गोष्टी आकड्यांत लिहून घ्याव्यात: माणूस पटला नाही तर किती दिवसांत बदलून मिळेल, तो सोडून गेला तर नव्या माणसाला जुन्याबरोबर किती दिवस केटीसाठी, म्हणजे काम समजून घेण्यासाठी, बसवणार, आणि त्या दिवसांचं बिल कुणाच्या माथी. शेवटची गोष्ट लिहिलेली नसली की ती नेहमी ग्राहकाच्या माथी येते.

घेतलेली माणसं वर्षानुवर्षं ठेवली की एक वेगळंच लचांड मागे लागू शकतं. मायक्रोसॉफ्टने 1980 आणि 1990 च्या दशकांत हजारो माणसं एजन्सीमार्फत किंवा स्वतंत्र कंत्राटदार म्हणून वर्षानुवर्षं कामावर ठेवली. ती कायम कर्मचाऱ्यांच्या शेजारी बसून तेच काम करत. गळ्यातल्या ओळखपत्राचा रंग तेवढा वेगळा. त्यांना 'पर्माटेम्प' हे नाव पडलं. त्यांनी 1992 मध्ये दावा लावला आणि अपील न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरल्यावर कंपनीने डिसेंबर 2000 मध्ये सुमारे 9 कोटी 70 लाख डॉलर देऊन तो मिटवला. भारतातही कंत्राट हा नुसता देखावा निघाला तर माणसं मूळ मालकाचीच ठरू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 2001 च्या स्टील अथॉरिटी खटल्यात स्पष्ट केलं आहे. तो निकाल सॉफ्टवेअरवाल्यांबद्दलचा नव्हता, पण सावधपणा तिथूनच शिकावा. काम ग्राहकाने सांगावं. रजा, पगारवाढ, शिस्त आणि बदली पुरवठादाराकडेच राहू द्यावी. दोन-तीन वर्षं टिकलेला आणि ज्याच्यावाचून अडतं असा माणूस असेल, तर त्याला आपल्या पगारावर घेण्याची फी करारात आधीच ठरवून ठेवलेली बरी.

आउटसोर्सिंग शोभतं ते ज्या कामाला कडा आहेत अशा कामाला. पासपोर्ट सेवा केंद्रात गेलेल्या प्रत्येकाने अशी नीट आखलेली कड डोळ्यांनी पाहिली आहे. 'ए' काउंटरवर टीसीएसची माणसं: फोटो, बोटांचे ठसे, कागदपत्रांचं स्कॅनिंग. 'बी' आणि 'सी' काउंटरवर सरकारी कर्मचारी: पडताळणी आणि पासपोर्ट मंजूर करण्याचा निर्णय. 2008 मध्ये टीसीएसला हे काम मिळालं, 2010 मध्ये मोजक्या केंद्रांवर प्रयोग झाला, आणि 2012 पर्यंत देशभरात 77 केंद्रं उभी राहिली. टीसीएसचा मोबदला अर्जांच्या संख्येशी बांधलेला, त्यामुळे रांग लवकर सरकण्यात तिचाही फायदा. रांगेत उभं राहून वैतागलेले लोक असतीलच, पण आधीच्या पासपोर्ट कार्यालयाची आठवण असलेल्यांना फरक विचारून बघावा. सॉफ्टवेअर, यंत्रं आणि हात बाहेरचे, निर्णय घरचा. छोट्या उद्योगालाही ही रेघ मारता येते. डीलरांचं अ‍ॅप बाहेरून करून घ्यावं. कुणाला किती उधारी आणि कुणाला किती सवलत, हे नियम मात्र घरच्या माणसाला स्वतः बदलता येतील असे ठेवावेत, नाहीतर सवलतीतला एक टक्का बदलायलाही चेंज रिक्वेस्ट, म्हणजे जादा पैसे मोजून बदलाची वेगळी मागणी, काढावी लागते.

चेंज रिक्वेस्ट हा ठोक रकमेच्या कराराचा खरा नफा असतो, असं या धंद्यातले लोक खाजगीत हसून सांगतात. बोली कमीची लावायची आणि बदलांवर कमवायचं. यावर उपाय शब्दांत आहे. 'प्रणाली वेगवान असावी' हे वाक्य करारात असून नसल्यासारखं. '500 ऑर्डरची यादी ग्रामीण भागातल्या 4जी जोडणीवर 3 सेकंदांत उघडावी' याला मोजता येतं, आणि जे मोजता येतं त्यावरच पैसे अडवता येतात. टॅब्लेटवर पानं दिसायला हवीत का, मराठीत बिल छापायला हवं का, जुन्या टॅलीमधली माहिती कोण भरून देणार, हे प्रश्न बोली मागवण्याआधी लिहावेत. शेवटचा मोठा हप्ता, निदान पाचवा हिस्सा, प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर महिन्याभराने द्यावा. पुरवठादार कुरकुरेल. कुरकुरणं ठीक, साफ नकार दिला तर त्याला स्वतःच्या कामाबद्दल काय वाटतं ते कळलं.

मोठं नाव घेतलं की निर्धास्त, हा समज आयकर खात्याच्या पोर्टलने 2021 मध्ये मोडला. 4,242 कोटी रुपयांचा प्रकल्प, काम इन्फोसिसकडे. जुनं पोर्टल 1 ते 6 जून बंद ठेवलं आणि 7 जूनला नवं सुरू झालं. पुढचे काही महिने करदाते आणि सीए पडद्यावर गोल फिरणारं चिन्ह बघत बसले. 23 ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी इन्फोसिसचे मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना बोलावून घेतलं आणि विवरणपत्रांच्या मुदती वाढवाव्या लागल्या. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने 2018 च्या एप्रिलमध्ये असंच सगळं एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रणेवर हलवलं आणि लाखो खातेदार आपल्याच पैशांपासून तुटले. दोन्हींतून निघणारी सूचना साधी आहे: जुनी व्यवस्था लगेच काढून टाकू नये. आधी एका तालुक्याचे डीलर, एक शाखा, एक ओपीडी. ते महिनाभर सुरळीत चाललं की पुढचे. यात दुहेरी काम पडतं, कर्मचारी वैतागतात, तरी हेच करावं.

टीएसबीच्या गोष्टीचा पुढचा भाग मालकांनी जास्त लक्षपूर्वक वाचावा. यंत्रणा बांधली आणि चालवली होती बँकेच्या मातृकंपनीच्याच सॅबिस या दुसऱ्या कंपनीने. दंड झाला तो टीएसबीला: डिसेंबर 2022 मध्ये 4 कोटी 86 लाख 50 हजार पौंड. आणि एप्रिल 2023 मध्ये बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः 81,620 पौंड, कारण बाहेर दिलेल्या कामावर त्याने पुरेशी देखरेख ठेवली नव्हती.

भारतातला कायदाही त्याच बाजूने झुकलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे आयटी सेवांच्या आउटसोर्सिंगबद्दलचे निर्देश ऑक्टोबर 2023 पासून लागू झाले. ते बँकांना आहेत तसेच तिसऱ्या आणि चौथ्या स्तरातल्या मोठ्या नागरी सहकारी बँकांनाही आहेत, आणि काम कुणालाही दिलं तरी अंतिम जबाबदारी संचालक मंडळाची, हा त्यांचा कणा. 31 जुलै 2024 रोजी सी-एज या तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्यावर राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं. तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 300 लहान बँकांचे, त्यात सहकारीही आल्या, यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. सुरक्षा-अभ्यासकांच्या म्हणण्याप्रमाणे शिरकाव झाला तो सी-एजबरोबर काम करणाऱ्या आणखी एका कंपनीच्या ढिसाळ ठेवलेल्या सर्व्हरमधून. म्हणून करार करताना 'तुम्ही यातलं काय पुढे दुसऱ्याला देणार' हा प्रश्न लेखी विचारावा आणि परवानगीशिवाय पोट-कंत्राट नाही, हे कलम घालावं. ग्राहकांची वैयक्तिक माहिती हाताळली जाणार असेल तर 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आला. त्यात माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्याची, प्रक्रिया बाहेरच्याने केली तरीसुद्धा; सुरक्षेतल्या कुचराईला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. चाचणीसाठी पुरवठादाराला रुग्णांची किंवा खातेदारांची खरी यादी 'जरा बघायला' पाठवणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

आता मालकी. पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, असं जवळपास प्रत्येक उद्योजकाला वाटतं. 1957 चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. कर्मचाऱ्याने नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक त्याचा मालक असतो. पण स्टाफ ऑगमेंटेशनमधला डेव्हलपर ग्राहकाच्या कार्यालयात दोन वर्षं बसला तरी तो नोकर पुरवठादाराचा, आणि आउटसोर्सिंगमध्ये तर प्रश्नच नाही. हक्क ग्राहकाकडे यायला सहीचा लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो; प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरता; आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही नसल्यास, तोही सुटतो. 'सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर, आणि न वापरल्यानेही न सुटणारे' हे शब्द वकिलाकडून घालून घ्यायला फार तर एक तास लागतो. दुबईला किंवा सिंगापूरला माल विकायची स्वप्नं असलेल्या कारखान्याने तो तास जरूर खर्च करावा.

एकच एक मार्ग धरून बसण्याची सक्ती कुठेच नाही. ज्या स्टार्टअपचं उत्पादनच सॉफ्टवेअर आहे, तिने गाभा बाहेर देऊ नये. घरच्या दोन-तीन पक्क्या माणसांभोवती तासांवरची माणसं घ्यावीत आणि ती हळूहळू कमी करावीत. कारखान्याला अ‍ॅप हा धंदा नाही, धंद्याचं साधन आहे. त्याने काम बाहेर द्यावं आणि घरात तो एक खुर्चीतला माणूस मात्र नेमावा. सहकारी बँकेने तयार, चाललेली यंत्रणा घेणं आणि तिच्याभोवतीचं थोडंसं आपल्या गरजेप्रमाणे करून घेणं बहुधा शहाणपणाचं; शून्यापासून कोअर बँकिंग लिहून घेणारी मध्यम बँक धाडसी म्हणावी की आणखी काही, हे तिच्या लेखापरीक्षकाला विचारावं. रुग्णालयांचंही तेच. पहिली आवृत्ती बाहेरून करून घ्यायची आणि वापर सुरू झाल्यावर त्याच पुरवठादाराचे दोन डेव्हलपर वर्षभर तासांवर ठेवायचे, ही मिश्र पद्धत पुष्कळांना सोयीची पडते, कारण पहिल्या सहा महिन्यांत वापरणाऱ्यांच्या ज्या सूचना येतात त्या कुठल्याही करारात आधी लिहिता येत नाहीत.

राहता राहिलं बाहेर पडणं. ते पहिल्याच दिवशी ठरवावं, कारण तेव्हा दोन्ही बाजू गोड असतात. क्लाउडचं खातं, डोमेन, अ‍ॅप स्टोअरवरची नोंदणी आणि कोड ठेवायची जागा ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ईमेलवर आणि ग्राहकाच्या कार्डावर असावी. पुरवठादाराला त्यात फक्त प्रवेश द्यावा. डोमेन जुन्या पुरवठादाराच्या नावावर निघालं म्हणून स्वतःचंच संकेतस्थळ परत विकत घ्यायची वेळ आलेले व्यापारी प्रत्येक शहरात सापडतात. आणि शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी जरूर घ्यावी: ज्याने हा प्रकल्प कधी पाहिलेला नाही अशा एखाद्या बाहेरच्या डेव्हलपरला दोन दिवसांचे पैसे द्यावेत, कोऱ्या संगणकावर नुसता कोड आणि त्यासोबतची कागदपत्रं द्यावीत, आणि मूळ टीमला एकही फोन न करता यंत्रणा चालू करून दाखवायला सांगावं. तो जिथे अडेल, ती यादी पुरवठादाराला द्यावी आणि ती पुरी होईपर्यंत चेक टेबलाच्या खणातच ठेवावा.